एसीचा फिल्टर कोणी धुवायचा?

एप्रिल उजाडला की विदर्भातल्या आपल्या वस्त्यांमध्ये दोन धावपळी एकदमच सुरू होतात. एक भीमजयंतीची आणि दुसरी एसी-कूलरच्या मेकॅनिकला गाठण्याची. जयंतीची धावपळ आपण सगळे मिळून करतो. दुसरीत मात्र आपण हतबल असतो. मेकॅनिक 'उद्या येतो' म्हणतो, चार दिवसांनी येतो, झाकण उघडतो, 'गॅस गेला' म्हणतो, पैसे घेतो आणि निघून जातो. घरात दोन पदवीधर आणि एक एम.ए. झालेला माणूस बसलेला असतो, पण त्या झाकणाआड काय आहे हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नसते. पुष्कळदा आत फक्त धुळीने गच्च भरलेली एक जाळी असते. नळाखाली दहा मिनिटांत धुऊन होईल अशी.

या लेखात आम्ही एक साधा प्रश्न विचारणार आहोत. ती जाळी, म्हणजे एसीचा फिल्टर, कोणी धुवायचा? 'चळवळीपुढे एवढे मोठे प्रश्न असताना हे काय घेऊन बसलात?' असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न सरळ जातीच्या प्रश्नापाशी जाऊन पोचतो, आणि आपल्या शिकलेल्या पिढीने त्याचे उत्तर आजवर टाळले आहे.

एसी ही चैन आहे का?

आधी एक आक्षेप बाजूला करू. 'आंबेडकरी कार्यकर्त्यांनी एसीवर लिहावे? ही तर श्रीमंतांची चैन.' नागपूर, चंद्रपूर, अकोला, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवीन राहिलेले नाही. टिनाच्या पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्याच्या उघड्या स्लॅबखाली राहणाऱ्याला रात्रही सुटका देत नाही, कारण दिवसभर तापलेले छत रात्रभर उष्णता खाली सोडत राहते. गावात जाड भिंतींचे, अंगणात झाड असलेले घर कोणाचे होते आणि गावकुसाबाहेर उघड्या माळावरची झोपडी कोणाची होती, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. उन्हालाही जात असते.

कूलर आपला जुना सोबती आहे आणि कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम काम करतो. पण कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. जूनच्या शेवटी हवा दमट झाली की तो गारव्याऐवजी ओल देऊ लागतो. अंथरुणावरचा म्हातारा बाप, बाळंतीण मुलगी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पोरगा, यांच्यासाठी घरातल्या एका खोलीत हप्त्यावर घेतलेला किंवा जुना विकत घेतलेला एसी असेल, तर ती चैन म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या खोलीतला एसी बंद करून बोलावे.

हेही तितकेच खरे की एसी खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही, ती शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकतो. म्हणून तो १८ अंशांवर लावून गोधडी घेऊन झोपणे हा अडाणीपणा आहे. स्टार लेबल असलेल्या घरगुती एसींना १ जानेवारी २०२० पासून २४ अंश ही सुरुवातीची सेटिंग बंधनकारक आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंश वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २६ अंश आणि सोबत पंखा, एवढ्यात माणूस सुखाने झोपतो.

यंत्र समजून घेणे हीच पहिली दुरुस्ती

एसी थंडी तयार करतो असा आपला समज असतो. खरे तर तो फक्त उष्णता उचलून बाहेर नेतो. खोलीतल्या युनिटमध्ये तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची एक जाळीदार कॉइल असते. तिच्यातून वाहणारा द्रव खोलीतली उष्णता शोषून वायू होतो. बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, त्यामुळे तो आणखी तापतो. बाहेरच्या कॉइलवर पंखा वारा मारतो, वायू आपली उष्णता हवेत सोडून पुन्हा द्रव होतो आणि आत परततो. हे चक्र चालू राहते. दीड टनाचा एसी म्हणजे दीड टन वजनाचा नव्हे. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता चोवीस तासांत उचलण्याची ताकद म्हणजे एक टन. बर्फाच्या कारखान्यांच्या काळातले हे माप आजही चालते.

या वर्णनातून एक गोष्ट आपोआप निघते आणि ती प्रत्येकाने पाठ करून ठेवावी. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत गोल फिरतो. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे तळ फुटलेल्या बादलीत पाणी ओतणे.

आम्ही काही कार्यकर्ते नागपुरातल्या एका विहाराला लागून अभ्यासिका चालवतो. तिथला देणगीत मिळालेला दीड टनाचा एसी लागोपाठ दोन उन्हाळे थंड करेनासा झाला. दोन्ही वेळा शहरातल्या एका दुकानाच्या माणसाने 'गॅस संपला' म्हणून गॅस भरला आणि पैसे घेतले. तिसऱ्या उन्हाळ्यात वस्तीतल्याच, आयटीआय केलेल्या एका तरुणाला आम्ही बोलावले. त्याने नळ्यांच्या जोडांवर साबणाचा फेस लावला. बाहेरच्या युनिटजवळच्या एका नटापाशी फेसाचे बुडबुडे फुगताना सगळ्या पोरांनी पाहिले. त्याने आधी तो जोड नीट केला आणि मगच गॅस भरला. त्यानंतरचा उन्हाळा तो एसी बिनतक्रार चालला.

भगवान बुद्धांनी कालामांना काय सांगितले होते? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. धर्माच्या बाबतीत आपण हे भाषणांतून मोठ्याने सांगतो. मग घरात येऊन कोणी 'गॅस संपला' म्हटले की मान का डोलावतो? कारणाशिवाय कार्य नाही, हे आपले तत्त्वज्ञान आहे. पाणी टपकते त्याला कारण आहे, बर्फ जमतो त्याला कारण आहे. नव्या एसीला लिंबू-मिरची बांधणारे आणि खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहणारे लोक खुशाल तसे करोत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात यंत्राला पूजा नको, ब्रश आणि पाणी हवे.

घरी काय करता येते

पहिला नियम: रिमोटने बंद करणे म्हणजे बंद करणे नव्हे. भिंतीवरचा स्विच किंवा एमसीबी पाडायचा, प्लग असेल तर काढायचा, आणि मगच झाकण उघडायचे.

फिल्टर: पुढचे झाकण वर उचलले की दोन जाळ्या हाताने निघतात. नळाच्या साध्या पाण्याने धुवा, जुना दात घासायचा ब्रश चालेल. गरम पाणी नको, जाळी वाकडी होते. सावलीत पूर्ण वाळवून परत बसवा. आपल्या धुळीच्या वस्त्यांमध्ये उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करावे. जाळी तुंबली की हवा कमी खेचली जाते, खोली उशिरा थंड होते, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि बिल वाढते. जुना, इन्व्हर्टर नसलेला दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण दीड युनिट खातो. धुळीचेही पैसे आपणच भरत असतो.

आतली कॉइल: फिल्टर काढल्यावर मागे चंदेरी पाती दिसतात. ती धारदार असतात, बोटे सांभाळा. मऊ रंगाच्या ब्रशने, पातीच्या दिशेने, वरून खाली धूळ काढा. आडवा ब्रश मारला तर पाती वाकतात आणि हवेची वाट बंद होते. मग फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारा. विजेचे भाग सहसा एका बाजूच्या पेटीत असतात. ती बाजू प्लास्टिकने झाका आणि तिकडे थेंबही जाऊ देऊ नका. सगळे वाळल्यावरच एसी सुरू करा.

पाणी टपकणे: हवेतली वाफ थंड कॉइलवर जमून पाणी होते, ते खालच्या तबकातून नळीवाटे बाहेर जाते. खोलीत पाणी टपकत असेल तर बहुतेक वेळा ही नळी शेवाळाने आणि गाळाने तुंबलेली असते. बाहेरच्या टोकाकडून ती मोकळी करा, तबकात हळूहळू मगभर पाणी ओतून ते बाहेर येते का पाहा. नळीला सलग उतार हवा आणि तिचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेले नको.

बर्फ जमणे: कॉइलवर बर्फ दिसला तर तो खरवडू नका. कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, बर्फ वितळेल. मग फिल्टर आणि कॉइल साफ करा. तरीही बर्फ जमला तर गॅस कमी असण्याची शक्यता आहे आणि तिथून पुढचे काम जाणकाराचे.

बाहेरचे युनिट: ते गच्चीवर किंवा जमिनीवर असेल आणि पक्क्या जागी उभे राहून हात पोचत असेल तरच. वीज बंद करून पाला, कबुतराचे घरटे, प्लास्टिक काढा. हलक्या धारेने कॉइल धुवा. समोर आणि मागे मोकळी जागा ठेवा. युनिटला गोणपाटाने गुंडाळून 'सावली' करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. सावली हवीच, पण हवा कोंडली तर एसी आपलीच उष्णता पुन्हा पितो.

शेवटी तपासणी. एसी पंधरा मिनिटे चालू द्या. साध्या थर्मामीटरने वरून आत जाणाऱ्या हवेचे आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजा. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक पडत असेल तर यंत्र ठीक आहे. मग खोली थंड होत नसेल तर दोष खिडकीच्या फटीचा, तापलेल्या छताचा किंवा खोलीच्या आकाराचा आहे, गॅसचा नाही.

आणि हो, ही सगळी सफाई घरातल्या बाईच्या माथी मारली तर आपण काहीच बदलले नाही. आमच्या अभ्यासिकेत फिल्टरची पाळी वहीत लिहिलेली असते. मुले आणि मुली दोघांची नावे आळीपाळीने येतात. स्क्रू ड्रायव्हर मुलाच्या हातात आणि फडके मुलीच्या हातात, असली वाटणी आम्ही चालू देत नाही.

कुठे थांबायचे

आपण सगळेच करू शकतो असा भ्रम नको. बाहेरच्या युनिटमध्ये कपॅसिटर नावाचा डबीसारखा भाग असतो. कॉम्प्रेसर नुसता हुंकार देऊन बंद पडत असेल तर पुष्कळदा दोष त्याचाच असतो. पण तो वीज बंद केल्यानंतरही झटका देण्याइतका भार धरून ठेवू शकतो. यूट्यूब पाहून त्याला हात लावू नका. जळका वास, तापलेला प्लग, वारंवार पडणारा एमसीबी ही कामे इलेक्ट्रिशियनची. एसी एक्स्टेन्शन बोर्डवर चालवू नका आणि अर्थिंग नसलेल्या सॉकेटला तर कधीच लावू नका.

गॅसचे काम घरी करायचेच नाही. एसीच्या पाटीवर गॅसचे नाव आणि वजन छापलेले असते. जुन्या एसीत आर-२२ असतो. तो ओझोनचा थर खातो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराखाली जगभर तो बंद होत आला आहे. नव्या एसीत बहुधा आर-३२ असतो आणि तो काही प्रमाणात पेट घेऊ शकतो. काहींत आर-२९० असतो. तो म्हणजे प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद. त्याच्याजवळ ठिणगी म्हणजे स्फोट.

इथे आपले काम चार प्रश्न विचारण्याचे आहे. गळती कुठे सापडली? भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावणार का? पाटीवरचाच गॅस, काट्यावर मोजून भरणार का? जुना भाग आणि पावती देणार का? ज्याला काम येते तो या प्रश्नांनी चिडत नाही. उलट, समोरच्याला काही कळते हे पाहून तो मोकळेपणाने बोलतो.

हात आणि डोके कोणी वेगळे केले?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. शिकलेल्या माणसाला फिल्टर धुण्याची लाज का वाटते? वेळ नसतो म्हणून? मोबाइलवर दोन तास जातात, तिथे वेळ असतो. लाजेचे मूळ जातीत आहे. ब्राह्मणी व्यवस्थेने डोक्याला मुखातून आणि हातापायांना खालून जन्माला घातले. जो विचार करतो त्याने हात मळवायचे नाहीत आणि ज्याचे हात मळतात त्याने विचार करायचा नाही, हा तिचा कायदा. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिले की जात नुसती कामे वाटून देत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून त्यांची उतरंड लावते. त्या उतरंडीत सगळ्यात जास्त नुकसान ज्ञानाचे झाले. ज्यांच्या हाती हत्यार होते त्यांना अक्षर दिले नाही, आणि ज्यांच्याकडे अक्षर होते त्यांनी हत्याराला शिवले नाही.

यंत्र आले की हे आपोआप मोडेल असे काहींना वाटते. इतिहास तसे सांगत नाही, आणि उदाहरण या विषयातलेच आहे. आधुनिक एसीची सुरुवात माणसाच्या सुखासाठी झालीच नाही. १९०२ मध्ये विलिस कॅरिअरने पहिली यंत्रणा आखली ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी, दमट हवेने कागद फुगू नये म्हणून. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द तर १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन कापडगिरणी तंत्रज्ञाने वापरात आणला, गिरणीतली हवा योग्य तितकी ओलसर ठेवून धागा तुटू नये म्हणून.

त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांमध्ये काय चालले होते? विणकाम विभागात धोट्यातून नवा धागा ओढताना तो तोंडाने ओढावा लागे. म्हणून अस्पृश्य कामगाराला, ज्याचा स्पर्श चालत नाही, त्या विभागात प्रवेशच नव्हता. आणि विणकामातच मजुरी जास्त होती. यंत्र विलायतेचे, वाफ नवी, माग नवा, पण धोट्यावर जात बसलेली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, ते याच अनुभवातून.

आणि ते तिथेच थांबले नाहीत. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी आहे, तशीच सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे ही मागणीही आहे. एकाच निवेदनात विद्यापीठही आहे आणि वर्कशॉपही. बाबासाहेबांना यात काही विसंगत वाटले नाही. आपल्याला का वाटते? आपण त्यांचा कोट आणि पुस्तक घेतले, हे योग्यच केले. वर्कशॉपची मागणी मात्र विसरलो.

'असली कामे सोडायलाच तर सांगितले होते'

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो घेणाऱ्यांना आम्ही मानतो. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे, महारकी, गावकीची कामे सोडायला सांगितली. आपल्या आजोबांनी ती सोडली आणि त्यासाठी बहिष्कार सोसले. मग आज पुन्हा 'हात मळवा' असे आम्ही कसे म्हणतो? 'श्रमाची प्रतिष्ठा' हा शब्द तर प्रस्थापितांनी आपल्याला जागच्या जागी ठेवण्यासाठीच वापरला.

हे अगदी खरे आहे. सफाईच्या कामाला पवित्र सेवा ठरवणाऱ्या गांधीजींच्या विचारावर बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात कठोर टीका केली. कामाची स्तुती करायची आणि माणसाला त्याच कामात बांधून ठेवायचे, हा त्यातला कावा होता. आजही २०१३ चा कायदा असताना गटारात उतरून माणसे मरतात, आणि ती कोणत्या समाजाची असतात हे सांगायला नको. त्या कामाचा गौरव आम्ही कधीच करणार नाही. ते काम बंदच व्हायला हवे.

पण म्हणून सगळे हातकाम एका पारड्यात घालता येत नाही. आमच्या मते तीन प्रश्न विचारावेत. हे काम जन्माने चिकटले आहे का? करणाऱ्याला ते सोडता येते का? त्यातून त्याला ज्ञान, योग्य मजुरी आणि सुरक्षितता मिळते का? महारकी या तिन्ही प्रश्नांवर नापास होते. स्वतःच्या घरातले यंत्र स्वतः उघडून समजून घेणे तिन्हींवर पास होते. आपल्या आजोबांनी लादलेले काम सोडले ते स्वाभिमानासाठी. आपली घाण साफ करायला दुसऱ्याला बोलावणे आणि त्याला दारात उभे करणे, याला स्वाभिमान म्हणत नाहीत. ती वरच्या जातीची उसनी घेतलेली सवय आहे.

मेकॅनिकच्या पोटावर पाय?

दुसरा आक्षेप आमच्याच तरुण मित्रांनी घेतला. 'आपली किती मुले आयटीआय करून याच धंद्यात आहेत. सगळ्यांनी घरीच केले तर त्यांनी खायचे काय?'

आम्ही उलटे म्हणतो. आज ग्राहकाला काहीच कळत नाही, म्हणून प्रामाणिक मेकॅनिक आणि फसवणारा मेकॅनिक त्याला सारखेच दिसतात. तो दोघांतला स्वस्त निवडतो. जो गळती शोधतो, व्हॅक्यूम करतो, मोजून गॅस भरतो त्याला वेळ लागतो, म्हणून तो महाग ठरतो आणि मागे पडतो. ग्राहक शहाणा झाला तरच कौशल्याला किंमत येईल. फिल्टर आपण धुवू. कॉम्प्रेसर, गॅस, वायरिंग हे शिकलेल्या कारागिराचे काम. त्याचे पूर्ण पैसे द्यायचे आणि त्यात घासाघीस करायची नाही.

कामाच्या परिस्थितीकडेही बघा. चौथ्या मजल्याच्या बाहेर, एका पायावर, कमरेला पट्टा न लावता लटकलेला पोरगा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो कंपनीचा नोकर नसतो, कामागणिक पैसे घेतो, आणि पडला तर त्याला कोणी वाली नसतो. त्याला ज्या सोसायटीत बोलावले जाते तिथे पुष्कळदा त्याच्यासाठी लिफ्टही वेगळी असते. हा नवा पाणवठा आहे. आपल्या घरी तो आला तर पट्ट्याशिवाय बाहेर उतरू देऊ नका, काम उद्यावर गेले तरी चालेल. आपल्याच ग्लासात पाणी द्या. त्याचे आडनाव विचारू नका, शिक्षण कुठे झाले ते विचारा.

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या 'इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन'मध्ये एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. पेट घेणारे नवे गॅस येत आहेत, तसतशी प्रशिक्षित हातांची गरज वाढणार आहे. अभ्यासिकेत पाच-पाच वर्षे एकाच परीक्षेच्या मागे झुरणाऱ्या आपल्या मुलांना हा मार्ग कोणी सन्मानाने दाखवला का? 'काहीच जमले नाही म्हणून आयटीआय' असेच आपण घरी म्हणत आलो. हे वाक्य बंद व्हायला हवे.

जयंतीच्या वर्गणीतून एक पेटी

नुसता लेख वाचून काही होत नाही, म्हणून एक प्रस्ताव ठेवतो. १४ एप्रिल उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. प्रत्येक मंडळाने यंदा वर्गणीतून एक हत्यारांची पेटी घ्यावी. स्क्रू ड्रायव्हरचा संच, टेस्टर, मऊ ब्रश, फवाऱ्याची बाटली, जाड प्लास्टिक, थर्मामीटर, आणि मेकॅनिकसाठी एक चांगला सुरक्षा पट्टा. डीजेच्या भाड्याचा एक कोपरा कापला तरी हे बसते. पेटी विहारात ठेवावी आणि वहीत नोंद करून ज्याला हवी त्याने न्यावी.

जयंतीच्या आठवड्यात एक दिवस वस्तीतल्याच आयटीआयवाल्या भावाला किंवा ताईला विहारात बोलवावे. त्यांना व्याख्यात्याची खुर्ची द्यावी, हार घालावा आणि मानधनही द्यावे. विहारातला पंखा, कूलर, एसी त्यांनी सर्वांसमोर उघडून दाखवावा. पहिल्या रांगेत प्राध्यापक, वकील, बँकेतले अधिकारी बसावेत आणि त्यांनी प्रश्न विचारावेत. आपल्या समाजात ज्ञान देणाऱ्याच्या खुर्चीवर पाना-पक्कड धरणारा माणूस किती वेळा बसला आहे, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. आणि ज्यांच्या घरी एसी नाही, त्यांच्या टिनाच्या छताला उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना फासायला याच गटाने जावे. गारवा एकट्याचा करून चालणार नाही.

तेव्हा फिल्टर कोणी धुवायचा? ज्याच्या घरी एसी आहे त्याने. नोकरी कोणतीही असो, पदवी कितीही मोठी असो, पुरुष असो की बाई. या रविवारी एमसीबी पाडा, झाकण उघडा आणि मुलांना शेजारी उभे करून दाखवा की गारवा येतो कुठून.

जय भीम!